सोळा अक्षरं

"वायर कुठं खुपसू साहेब?" प्रोजेक्टरवाल्यानं विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणालो आणि लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"एकदा पडद्यावर बघून घेऊ की. मागनं गर्दी झाली की सगळी माझ्यावरच वरडतात."

"थांबा म्हटलं ना."

तो तोंडातला तोबरा सांभाळत बाजूला झाला. मी झाकण पुन्हा चार बोटं उघडलं. डब्यातलं झुरळ अजून आहे का बघावं, तसं. होतं.

रविवार, सकाळचे दहा. मिरजेतलं एक मंगल कार्यालय. सर्वजातीय वधू-वर सूचक मंडळाचा सातवा मेळावा अकराला सुरू व्हायचा होता. आधी भाषणं, मग बाराच्या सुमाराला हजर असलेला एकेक उमेदवार नोंदणीच्या नंबरानं व्यासपीठावर येणार आणि त्याच वेळी मंडळाच्या वेबसाइटवरचं त्याचं पान मागच्या मोठ्या पडद्यावर झळकणार. वेबसाइट आमच्या कंपनीनं केलेली, पान झळकवणारा मी. नंबर शोधायचा तर यादीच्या पानावरूनच जावं लागे. आणि त्या यादीच्या डोक्यावर, पहिल्या स्थळाच्याही वर, गुलाबी वेलबुट्टीच्या चौकटीत, आजवर कधीच नव्हता असा मजकूर उमटला होता:

{# पुढील ओळ लांब आहे, कारण अट एकाच ओळीत असणे आवश्यक आहे.
घटस्फोटित, विधवा व पस्तिशीपुढील वधू पहिल्या तीन पानांवर दिसू नयेत.
मा. अध्यक्षांची तोंडी सूचना. लेखी मागू नये. – हेरवाडकर #}

शुद्धलेखन निर्दोष होतं. आमच्याकडं ते नेहमीच असायचं.

हा मजकूर म्हणजे कोडमधली टीप. एका प्रोग्रॅमरनं दुसऱ्यासाठी लिहून ठेवायची. यंत्रानं वाचायची नाही आणि जगानं तर बघायचीही नाही. ही मी लिहिलेली होती. आणि तिच्यातली दुसरी ओळ माझ्या बहिणीबद्दल होती. म्हणजे नाव नव्हतं. पण वृषालीताई छत्तीस वर्षांची होती आणि घटस्फोटित होती. दोन कलमांखाली बसत होती. शिवाय ती त्याच कार्यालयात, चौथ्या रांगेत, पदरावर चारशे बारा नंबरचा बिल्ला लावूनही बसली होती.

चारशे माणसांनी ते वाचलं तर नोकरी जाणार, हे मला दिसत होतं. मी काही संत नव्हे, नोकरीची भीती वाटतच होती. पण खरी धास्ती नोकरीची नव्हती. ताईनं हे वाचता कामा नये. बारा वाजायच्या आत, काहीही करून, ते पुसायचं होतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा ओळ लांब होणं ही आमच्या कंपनीत चारित्र्याची बाब होती.

हेरवाडकर सर मालक. वडिलांचा छापखाना होता, शिशाच्या खिळ्यांचा. वडील गेले, खिळे गेले, सरांनी कॉम्प्युटर आणले आणि पाटीवरच्या 'मुद्रणालय'वर 'इन्फोटेक' रंगवून घेतलं. मधली वीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली होती. ती सवय पाटीसारखी रंगवून झाकता आली नाही. दर शनिवारी ते आमचा सगळा कोड कागदावर छापून घ्यायचे आणि लाल पेन घेऊन बसायचे. प्रिंटरच्या कागदावर एका ओळीत ऐंशी अक्षरं मावायची.

"ऐंशीच्या पुढचं अक्षर कागदाबाहेर पडतं," ते म्हणायचे. "कागदाबाहेर पडलेलं अक्षर आणि देशाबाहेर पडलेला मुलगा, दोन्ही परत येत नाहीत." त्यांचा मुलगा टोरंटोला होता.

एरवीचा कोड तोडता येतो. वाक्य लांबलं की एंटर मारून खाली न्यावं, यंत्राची ना नसते. पण वेबपानाच्या साच्याला, टेम्प्लेटला, एक खोड असते. त्यात अट लिहायची ती महिरपी कंसात, आणि उघडणारी महिरप व मिटणारी महिरप एकाच ओळीत लागते. मध्ये ओळ तोडली की ही अट आहे हेच यंत्र विसरतं. साधा मजकूर समजून पानावर जशीच्या तशी छापून टाकतं.

चौदा महिन्यांपूर्वी मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब नेर्लेकर आमच्या ऑफिसात आले होते. त्यांनी चहात बिस्कीट बुडवत सूचना दिली. "भाजीवाला ताजी मेथी कुठं ठेवतो? वर. बाकीची विकायची नाही असं थोडीच आहे? खाली ठेवायची. पहिली तीन पानं ताजी ठेवा."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या पानापुढं कोणी जात नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या पानावरच मुलाची आई चष्मा काढून ठेवते.

मी अट लिहिली. शनिवारी तिच्याभोवती लाल वर्तुळ आलं.

"तोडा," सर म्हणाले.

"तुटत नाही सर."

"ओळ आहे का आयर्विन पूल? न तुटायला काय झालं?"

"एकाच ओळीत लागते. साच्याचा नियम आहे."

"साचा कुठला?"

"अमेरिकेतला."

"मग अमेरिकेत प्रिंटर रुंद असतील." ते जरा वेळ पेनाचं टोपण चावत बसले. "किती अक्षरं होतात?"

शेवटी मी ती ओळ एकशे एकतीसवर आणली. सरांनी कागदावर लिहिलं, 'एकशे एकतीस मंजूर', आणि खाली सही केली. "यापुढं एक अक्षर वाढलं तर चालणार नाही. आणि वर टीप लिहा. ओळ लांब का, कोणाच्या सांगण्यावरून, मंजुरी कोणाची. शुद्ध मराठीत."

ती ही टीप. चौदा महिने एका ओळीत सुखानं नांदली. तिची लांबी कोणी मोजली नाही, कारण जुन्या प्रिंटरवर मराठी टिपा प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन उमटायच्या, आणि प्रश्नचिन्हांना काना-मात्रा लावणं सरांनाही जमत नव्हतं. पण मेळाव्याच्या आठवड्यात त्यांनी देवनागरी छापणारा नवा प्रिंटर आणला. शनिवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"ही टीप ऐंशीच्या दुपटीहून लांब आहे."

"सर, ती ओळ लांब का, हे सांगणारी टीप आहे."

"आणि टीप लांब का, हे कोण सांगणार? तिच्यावर आणखी एक टीप लिहिणार? तोडा."

पाच वाजून गेले होते. ताईची साडी इस्त्रीवाल्याकडून आणायची होती. मी दोनदा एंटर मारलं, फाईल वर चढवली आणि निघालो. टीपही महिरपीतच असते, तिलाही तोच नियम लागतो, हे मला ठाऊक होतं का? होतं. पण टिपेचं काय एवढं, असं वाटलं. अटीची जेवढी काळजी घेतली तेवढी टिपेची घेतली नाही.

ताईबद्दल थोडं सांगायला हवं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती माधवनगरला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिचं लग्न दीड वर्ष टिकलं होतं. "दीड वर्षात दोन उन्हाळे आले, हेच काय ते वाईट," एवढंच त्याबद्दल बोलायची. मंडळात नाव घाल म्हणून तिच्या मागं मीच लागलो होतो. अट त्यानंतर दोन महिन्यांनी आली.

आधीच्या दोन महिन्यांत तिला पाच स्थळांचे निरोप आले होते. नंतर एकही नाही. पहिले तीन महिने ती काही बोलली नाही. मग एका रविवारी म्हणाली, "फोटो पडेल आलाय का रे माझा?"

मी दुसरा काढला, पुलाजवळ. मग तिसरा, घरातच, खिडकीशी. "हसू का नको?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "थोडं." चौथ्याच्या वेळी तिनं केस रंगवले आणि काजळ घातलं, आणि ते नीट बसलं नाही म्हणून दोनदा पुसलं. मी कॅमेरा धरून उभा होतो. मला माहीत होतं, की हा फोटो चौथ्या पानावर जाणार आणि तिथं कोणी येत नाही. मी म्हणालो, "हनुवटी जरा वर."

मग ती माहिती बदलायला लागली. छंद या रकान्यात 'वाचन' होतं, त्याचं 'वाचन, स्वयंपाक' झालं. स्वयंपाकाचा तिला मनापासून तिटकारा. 'लग्नानंतर नोकरी सोडाल का' यापुढं आधी 'नाही' होतं. फेब्रुवारीत तिथं 'चर्चेनुसार' आलं. एकेक अक्षर खरवडत ती स्वतःला कमी करत चालली होती, आणि दर वेळी मला विचारायची, "आता बघ, बरं वाटतंय?"

मी सांगायचो, "बरं वाटतंय."

तर कार्यालयात दहा वाजता मी लॅपटॉप काखेत मारला आणि व्यासपीठावर गेलो. आमच्या फायली फक्त ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवरून बदलता यायच्या, सरांची सुरक्षा. ऑफिस सांगलीत, दहा किलोमीटरवर. रविवारची किल्ली सरांच्या खिशात. आणि सर व्यासपीठावर, गुलाबी फेट्यात, भल्यामोठ्या पुष्पगुच्छाच्या मागं.

"किल्ली द्या सर."

"आत्ता?"

मी झाकण चार बोटं उघडून दाखवलं. त्यांनी आधी चष्मा वर केला, मग खाली केला.

"ओळ कोणी तोडली?"

"मी. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी तोडा म्हणालो. चव्हाट्यावर टांगा म्हणालो नाही." त्यांची नजर शेवटच्या शब्दावर गेली आणि फेट्याखालचा चेहरा फेट्याहून फिका झाला. "माझं नाव आहे?"

"मंजुरी कोणाची, ते लिहायचं होतं."

त्यांनी किल्ली काढून माझ्या मुठीत कोंबली. "बापूसाहेबांना मी बोलण्यात ठेवतो. म्हणजे ते राहतातच. तू जा." दोन पायऱ्या उतरलो तोवर मागून हाक आली. "गिरीश! टीप जोडताना शब्द कमी करून ऐंशीत बसते का बघ."

दाराशी ताई उभी होती. मोरपंखी साडी, बिल्ला, हातात पाण्याची बाटली.

"कुठं निघालास?"

"ऑफिसात. एक ओळ तुटलीय, जोडून येतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग बाटली पुढं केली. "पाणी पी आधी. घामानं भिजलायस." मी दोन घोट घेतले. "जा," ती म्हणाली. "नीट जोड."

स्कूटर मी कशी चालवली ते मला आठवत नाही, आठवतं ते एवढंच, की प्रत्येक सिग्नलला मी लाल दिव्याला मोठ्यानं विनवणी करत होतो आणि शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "काय ओ, घरात कोण सिरियस?" मी हो म्हणालो. त्यानं बिचाऱ्यानं पुढं घुसून मला वाट करून दिली.

ऑफिसचं कुलूप दोनदा चुकीच्या बाजूनं फिरवलं. कॉम्प्युटर सुरू व्हायला त्याला हवा तेवढा वेळ घेत होता. सरांचा फोन आला.

"झालं?"

"अजून सुरू होतंय."

"लवकर. बापूसाहेब उठलेत भाषणाला, आणि म्हणाले आज आटोपतं घेतो."

"ते आणि आटोपतं?"

"तेच तर! घाम फुटलाय मला. आज ऐन वेळी काय दुर्बुद्धी झाली त्यांना."

फाईल उघडली. तीन ओळींची टीप. तिच्या खाली अट, तिच्या एकशे एकतीस अक्षरांत, व्यवस्थित. तिला हात लावायचं कारण नव्हतं. मी टिपेच्या पहिल्या ओळीच्या शेवटी कर्सर नेला आणि दुसरी ओळ वर ओढली. मग तिसरी. साठवलं, चढवायला टाकलं. नेट बंद पडलं. पुन्हा टाकलं. अर्ध्यावर येऊन थांबलं. मी मॉडेमवर हात ठेवून उभा राहिलो, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. कोपऱ्यात पानाच्या भेटींचा आकडा होता: शनिवारी पाचपासून त्रेचाळीस. त्रेचाळीसांत किती जणांनी वर बघितलं असेल? लोक फोटो बघतात. कंसातलं कोण वाचतं? मी स्वतःला ते चार-पाच वेळा समजावलं.

अकरा बावन्नला फाईल चढली. मी पान उघडलं. गुलाबी वेलबुट्टी, पहिलं स्थळ, वर कोरी जागा. मला इतकं हलकं वाटलं, की मी रिकाम्या ऑफिसात खुर्चीला म्हणालो, "झालं बाबा."

परत पोचलो तेव्हा बापूसाहेब संस्कृतीवर आले होते. आटोपतं घेण्याचा विचार त्यांनी सोडून दिलेला दिसला. सरांना मी लांबूनच अंगठा दाखवला. त्यांनी पुष्पगुच्छामागं डोळे मिटले. प्रोजेक्टरवाल्यानं वायर खुपसली, पडद्यावर यादी आली, स्वच्छ. भाषण संपलं. माइक बापूसाहेबांनी स्वतःकडंच ठेवला आणि नंबर पुकारायला सुरुवात केली.

माझं टेबल व्यासपीठाच्या पायऱ्यांशी होतं. उमेदवारांची रांग माझ्या खुर्चीमागूनच जायची. तासाभरानं मोरपंखी पदर माझ्या खांद्याशी आला.

"जोडलीस?"

"जोडली."

"एका ओळीत आली?"

मी हसलो. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"काल साडेसहाला वाचलं मी," ताई म्हणाली. "तू इस्त्रीवाल्याकडं गेला होतास."

"चारशे सात!" बापूसाहेब म्हणाले. मी चारशे सात टाकला. बोटं आपली आपण चालत होती.

"मला वाटलं, साडी घेऊन आलास की सांगशील. मग म्हटलं, सकाळी चहाला सांगेल. मग स्कूटरवर मागं बसले तेव्हा वाटलं, समोर तोंड नसलं की माणूस बोलतो, विश्रामबागेपर्यंत बोलेल. मिरज आली."

"ताई, पानावर ते आलंय हे मला माहीतच नव्हतं. सकाळी दहाला कळलं."

"पानावर आलंय ते माहीत नव्हतं." ती बोलत होती ते समोर बघून, ओठ फारसे न हलवता, शाळेत प्रार्थनेच्या वेळी बोलतात तसं. "पानामागं आहे ते माहीत होतं ना?"

"चारशे आठ! या, या, लाजू नका."

"मला त्यातून वगळता येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग?"

मी खरं तेच सांगितलं. "ओळ लांब झाली असती."

"किती?"

"सोळा अक्षरांनी."

"सोळा," ती म्हणाली. नकाशात कृष्णा नदी अरबी समुद्रात सोडणाऱ्या पोरीची वही बघताना तिचा आवाज असा व्हायचा.

उरलेलं तिला सांगितलं नाही, ते इथं सांगतो. पहिल्या कागदावर ती सोळा अक्षरं होती. चारशे बारा नंबर सोडून, असं मी लिहिलं होतं. सरांनी लाल पेन तिथं टेकवलं आणि विचारलं, "हा चारशे बारा कोण?" मी तेव्हा सांगू शकलो असतो. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मंजुरीचा आकडा बदलूनही दिला असता. मी म्हणालो, "कोणी नाही सर. चाचणीसाठी घातलेला नंबर आहे." ते म्हणाले, "मग काढा की." मी काढला. अशी ती ओळ एकशे एकतीसवर आली.

"चारशे दहा!"

"आज ऑफिसात कोण होतं?" ताईनं विचारलं.

"कोणी नाही. मी एकटा."

"फाईल समोर उघडी होती?"

"होती."

"मग ती अट काढलीस?"

मी चारशे दहा टाकला. पडद्यावर एक गोरी मुलगी आली, छंद: पोहणे.

"गिरीश."

"टीप एका ओळीत आणली."

"आणि अट?"

"अट आहे तशीच आहे," मी म्हणालो. "बापूसाहेबांचं..." आणि पुढं वाक्य नव्हतं. बापूसाहेबांची भीती वाटली म्हणून ठेवली, असं म्हणता आलं असतं, पण तेही खोटं होतं. काढायचं मला सुचलंच नव्हतं. जिवाच्या आकांतानं दहा किलोमीटर गेलो, कर्सर त्या ओळीच्या अगदी डोक्यावर होता, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की ती बरोबर आहे.

ताईनं माझ्याकडं बघितलं नाही. निऱ्या सारख्या केल्या.

"चारशे बारा!"

ती पायऱ्या चढली. मी नंबर टाकला. पडद्यावर चौथा फोटो आला, दहा फूट उंच, हनुवटी जरा वर. बापूसाहेबांनी माइक तिच्या हातात दिला.

"नमस्कार. मी वृषाली कुंभोजकर. वय छत्तीस. एम.ए., बी.एड., हायस्कूलला भूगोल शिकवते. घटस्फोटित." तिनं मागं वळून पडदा वाचला. "स्वयंपाकाची आवड लिहिलीय ती चूक आहे, मला आवड नाही. नोकरीबद्दल चर्चा करणार नाही, सोडणार नाही." ती थांबली. "मी तिसऱ्या पानानंतर असते."

चारशे माणसांना काही कळलं नाही. सगळी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. कळलं ते तिघांना. सर बुटांच्या लेसकडं बघत होते. बापूसाहेबांनी माइक अलगद परत घेतला.

"वा! पुस्तकाला रंग चढतो तो तिसऱ्या पानानंतरच, काय मंडळी?"

मंडळी हसली. टाळ्याही पडल्या, बऱ्यापैकी.

ताई पलीकडच्या पायऱ्यांनी उतरली आणि खुर्च्यांच्या कडेनं दाराकडं चालत गेली. मी उठलो.

"चारशे तेरा!" बापूसाहेब म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. चारशे तेरा व्यासपीठावर येऊन उभा होता आणि त्याच्या मागं पडद्यावर अजून ताईच होती. मी खाली बसलो आणि चारशे तेरा टाकला.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ती वह्या तपासत होती. माझं ताट झाकून ठेवलं होतं. त्या विषयावर आम्ही बोललो नाही. त्यानंतरही कधी बोललेलो नाही.

सोमवारी मी सर यायच्या तासभर आधी ऑफिसात गेलो आणि अट काढली. कोणाला विचारलं नाही. बापूसाहेबांना कळायला दीड महिना लागला आणि मला नोकरीवरून काढायला दीड दिवस, पण ते नंतर. त्या सकाळी मी पहिलं पान उघडलं. सगळे चेहरे वर आले होते. एकोणचाळीस वर्षांची एक नर्स. जयसिंगपूरची एक विधवा, मांडीवर मुलगी घेऊन. मी एकेक बघत खाली गेलो. दुसरं पान, तिसरं, आठव्यापर्यंत. ताई कुठंच नव्हती.

चारशे बारा नंबरची नोंद तिनं स्वतःच काढून टाकली होती. रविवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे कार्यालयातून बाहेर पडल्या पडल्या, स्टँडजवळच्या कुठल्यातरी सायबर कॅफेत बसून. नोंद काढायची तर त्या पानावर कारण निवडावं लागे. कारणांच्या यादीत कारण एकच होतं. "मंडळातून नाव काढायला दुसरं काय कारण असणार?" असं बापूसाहेब म्हणाले होते, आणि मी वहीत लिहून घेतलं होतं. ताईनं ते निवडलं होतं: 'लग्न जमले'.

मी मुखपृष्ठ उघडलं. बापूसाहेबांच्या फोटोखाली मंडळामार्फत जमलेल्या विवाहांचा आकडा असायचा, तो आपोआप वाढेल अशी सोय मीच केली होती. शनिवारी तो दोनशे अठरा होता. आता दोनशे एकोणीस झाला होता.